तिसऱ्या घंटेपूर्वीचे जेवण

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘आजारपण सोडून काहीही लिहा’ अशी संपादक मंडळाची प्रेमळ ताकीद होती. म्हणून विषय निवडला तो गाण्याचा आणि जेवणाचा. इंदूरकरांना याहून जिव्हाळ्याचे दुसरे काय असणार? परंतु वैद्याची लेखणी कुठूनही निघाली तरी औषधाच्या चिठ्ठीवरच येऊन थांबते. याही लेखात एक रुग्ण शिरला आहे. त्याबद्दल वाचकांची आरंभीच क्षमा मागून ठेवतो.

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरात सभागृह, वाहनतळ आणि उपाहारगृह एकाच आवारात असलेली ठिकाणे झाली. मैफलीच्या आधी तास-दीड तास जावे, तेथेच जेवावे, हात धुऊन थेट आपल्या खुर्चीवर जाऊन बसावे, अशी ही सोय. या सोयीचे मी मनापासून स्वागत केले होते. दवाखाना आवरून घरी जायचे, दोन घास पोटात ढकलायचे आणि संध्याकाळच्या वर्दळीतून पुन्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचायचे, ही कसरत आपल्यापैकी प्रत्येकाने केलेली आहे. ‘सानंद’चे नाटक पाहायला विद्यापीठाच्या सभागृहात, खंडवा रोडवर, साडेसातच्या प्रयोगाला पोहोचणाऱ्या डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम मी अनेक वर्षे पाहत आलो आहे, त्यात माझाही घाम आहे. तेव्हा सभागृहातच जेवणाची सोय झाली तर कोण नको म्हणेल?

प्रसंग दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातला. अशाच एका सभागृहात शास्त्रीय गायनाची मैफल होती. वेळ साडेसातची. माझे सासरे, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. कानाने तल्लख, गुडघ्यांनी थकलेले. मधुमेह वीस वर्षांचा. सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्सुलिन आणि हृदयासाठी बीटा-ब्लॉकरची गोळी. घरी त्यांचे जेवण रात्री आठला, इंजेक्शन त्याआधी अर्धा तास. त्या दिवशी जेवण लवकर करायचे म्हणून इंजेक्शनही लवकर घ्यायचे, हा हिशेब माझा. सहा चाळीसला आम्ही टेबलाशी बसलो, वाढपी यादी घेऊन गेला, आणि मी मोठ्या अधिकाराने म्हणालो, “अण्णा, तुम्ही घेऊन टाका. पंधरा मिनिटांत ताट येईल.”

अण्णांनी सदऱ्याचे टोक उचलून पोटात सुई टोचली. ताट मात्र पंधरा मिनिटांत आले नाही. सात वाजले, पापड आला. सात दहाला सूप आले, तेही शेजारच्या टेबलावरचे चुकून. त्या रात्री सारे सभागृहच जेवायला आले असावे. यादी मात्र लग्नाच्या मेजवानीला शोभेल अशी, शंभरावर पदार्थांची, आणि प्रत्येक पदार्थ मागणी आल्यावर करायचा. सव्वासातला कुणीतरी सांगत आले की पहिली घंटा झाली. सात वीसला पनीरची भाजी आणि रोट्या आल्या. अण्णांनी अर्धी रोटी खाल्ली, घड्याळाकडे पाहिले आणि उठले. “जावईबापू, कलावंत मंचावर बसल्यानंतर आत जाणे मला जमणार नाही. उरलेले नंतर पाहू.” हा त्यांचा बाणा मला ठाऊक होता. मी थांबवायला हवे होते. थांबवले नाही, कारण पैसे देण्याच्या रांगेत उभा होतो.

पूरिया कल्याणचा विलंबित ख्याल सुरू झाला. अण्णांची एक जुनी सवय आहे. ऐकताना त्यांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर ठेका धरतो, अगदी हलका, शेजाऱ्यालाही ऐकू न येईल असा. साडेआठच्या सुमारास मान खाली गेलेली दिसली. वाटले, तंद्री लागली असेल. भरल्यापोटी डुलकी आली म्हणावे, तर पोट कुठे भरले होते? मग एका समेवर सभागृहातून ‘वा’ उमटली आणि माझी नजर त्यांच्या हाताकडे गेली. हात उताणा, सैल पडलेला. खांद्याला स्पर्श केला तो सदरा ओलाचिंब. सभागृहात वातानुकूलनाने शाली पांघरण्याइतका गारवा होता.

बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या मधुमेह्यात साखर उतरली की छातीची धडधड आणि हातांची थरथर झाकली जाते. घाम तेवढा झाकला जात नाही. हे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. अण्णांना हाक मारली तर त्यांनी माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावे तसे पाहिले. गिळता येत होते, हे सुदैव. ग्लुकोमीटर घरी कपाटात होता. आमच्या सौभाग्यवतींच्या पर्समध्ये सुपारीच्या डबीत चार खडे खडीसाखर होती. ती देऊन मी उपाहारगृहाकडे धावलो, रिकाम्या टेबलावरच्या साखरेच्या पुड्या मूठभर उचलल्या, पाण्यात विरघळवून प्यायला दिल्या. पंधरा मिनिटांनी अण्णांचा आवाज आला, “कुठे आहोत आपण? गाणे संपले?” संपले नव्हते. बागेश्री चालू होती. पुन्हा आत जाण्याचा हट्ट त्यांनी धरला. मी तो प्रथमच मोडला.

दोष कुणाचा, असे मला अनेकांनी विचारले. निम्मा त्या उपाहारगृहाचा आणि पाऊण माझा, असे मी सांगतो. बेरीज जास्त होते, पण अशा प्रसंगी ती तशीच होते. ताट समोर आल्याखेरीज सुई टोचायची नाही, हा साधा नियम घरच्या स्वयंपाकघरात मोडला तरी निभते, कारण तिथे पोळी तव्यावर असते. परक्या स्वयंपाकघराच्या भरवशावर इन्सुलिन घेऊ देणे ही माझी चूक होती आणि ती मी या स्मरणिकेत लिहून ठेवतो आहे, कारण आपल्यापैकी कितीजण रुग्णाला पथ्य सांगताना ‘संध्याकाळी कार्यक्रमाला जाता का?’ असे विचारतात? मीही विचारत नसे. आपल्या समाजातला साठी उलटलेला माणूस महिन्यातून एकदा तरी नाटकाला किंवा गाण्याला जातो. आपल्या शहरात ‘सानंद’ एकच नाटक शनिवारी दोनदा आणि रविवारी तीनदा, अशा पाच गटांसाठी करते. या गटांना रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार अशी नावे आहेत. सकाळी दहाचा खेळ न्याहारीनंतरचा, दुपारी चारचा चहाच्या वेळचा, आणि साडेसातचा ऐन जेवणाच्या वेळेचा. गोळ्यांचे आणि इंजेक्शनचे वेळापत्रक देताना हा गट कोणता, हेही केसपेपरवर लिहावे, असे मी आता अर्धे गमतीने आणि अर्धे गंभीरपणे म्हणतो.

परंतु हा प्रश्न केवळ मधुमेह्यांचा नाही. जेवण आणि गाणे यांचा आपल्याकडचा क्रम का बदलला, हे पाहण्यासारखे आहे. ज्या रामूभैयांचे नाव त्या गटाला आहे, त्यांच्या काळातल्या घरगुती मैफली रात्रीची जेवणे आटोपल्यावर सुरू होत आणि कधी संपतील हे कुणी विचारत नसे. जुनी संगीत नाटके रात्रभर चालत. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून अनेक वर्षे पहाट पाहत असे. घरी जेवून जायचे, निवांत ऐकायचे, भूक लागली तर मध्यरात्री काहीतरी चरायचे, हा तो क्रम. मग २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर शिक्कामोर्तब केले, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद झाला. बंदिस्त सभागृहांना हा नियम तसा लागू नाही. पण सवय एकदा बदलली की ती भिंतींच्या आतही बदलते. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायचे असते. मैफल मागे सरकत सरकत नेमकी जेवणाच्या वेळेवर येऊन बसली. आठ वाजताचे ताट कुठेतरी हलवणे भाग होते. ते आपण पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढले आणि सभागृहवाल्यांनी ती जागा ओळखून तिथे उपाहारगृह उघडले.

इंदूरला खरे तर ते पुढे ढकलण्याची उत्तम सोय होती आणि आहे. दिवसभर सोन्या-चांदीचे व्यवहार करणारा सराफा रात्री दुकानांच्या फळ्या लागल्या की त्याच फळ्यांसमोर चुली पेटवतो. भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, खोबऱ्याचे पॅटिस, दहीवडा, रबडी. मी एम. जी. एम. मेडिकल कॉलेजात शिकत असताना रवींद्र नाट्यगृहातला कार्यक्रम सुटल्यावर आमची टोळी राजवाड्याकडे निघायची आणि ऐकलेल्या गाण्यावरचे वाद सराफ्यात कढईच्या वाफेत मिटायचे. ज्या शहरात खाण्याचा बाजारच रात्री भरतो, त्या शहराने गाण्याआधी घाईघाईने जेवावे, हे मला अजूनही अंमळ विचित्र वाटते. सराफ्याचे पदार्थ पथ्याचे आहेत असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर आपल्या संघटनेतून माझे नाव कमी होईल, आणि ते योग्यच होईल.

गाणारा माणूस या बाबतीत शहाणा असतो. बहुतेक गायक मंचावर जाण्यापूर्वी पोटभर जेवत नाहीत. भरलेले जठर श्वासपटलाला खालून रेटते, दमसास कमी पडतो, आंबट ढेकर घशाशी येतो. म्हणजे गाणारा हलक्या पोटाने बसलेला आणि ऐकणारा तुडुंब भरलेला, असा हा सामना असतो. त्यातही आपण अमीर खाँसाहेबांच्या (१९१२-१९७४) गावातले. झुमऱ्याच्या चौदा मात्रांची अतिविलंबित चाल, एक आवर्तन संपता संपता मिनिट उलटावे अशी, ही इंदूरच्या गायकीची खूण. ती ऐकायला जागा श्रोता लागतो. मलईदार भाजी, नान आणि वर गुलाबजाम खाऊन आलेल्या माणसाकडून त्या शांततेत जागे राहण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. स्निग्ध जेवण जठरातून पुढे सरकायला चार-चार तास घेते. तेवढ्यात मैफल संपूनही जाते.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, जिची चर्चा आपल्यात कमी होते. भरपेट, विशेषतः पिष्टमय जेवणानंतर तास-दोन तासांत काहींचा रक्तदाब वरच्या आकड्यात वीस किंवा त्याहून अधिक उतरतो. रक्तदाबाच्या गोळ्या त्याला हातभार लावतात. मध्यंतरात खुर्चीवरून एकदम उठावे आणि अंधाऱ्या पायऱ्यांवर भोवळ यावी, याचे हे एक कारण. खुबा मोडलेला रुग्ण अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातो आणि पनीरची भाजी निर्दोष सुटते. ज्यांना चालताना छातीत दुखते त्यांना भरल्यापोटी, थंडीत, लांबच्या वाहनतळापर्यंत चालणे किती महागात पडू शकते, हे हृदयरोगतज्ज्ञ मित्र अधिक चांगले सांगतील.

आता, सभागृहात खाऊच नये असे माझे मत आहे, असा समज कृपया करून घेऊ नये. मराठी नाट्यगृह आणि बटाटेवडा यांचे नाते तोडू पाहणारा मी कोण? दादरचे शिवाजी मंदिर असो किंवा १९६८ साली उघडलेले पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर, मध्यंतराच्या वड्याची आठवण नाटकाइतकीच ताजी असलेले प्रेक्षक मला माहीत आहेत. त्या वड्याकडे जरा वैद्याच्या नजरेने पाहा. तळलेला आहे हे खरे. परंतु तो तयार असतो, हातात मावतो, पाच मिनिटांत संपतो आणि घंटेच्या आत प्रेक्षक परत खुर्चीवर असतो. पंधरा मिनिटांच्या मध्यंतरासाठी पंधरा मिनिटांचे खाणे, हा हिशेब त्या जुन्या उपाहारगृहांना कुणी शिकवला नव्हता. घंटेने शिकवला होता.

परदेशातही जिथे हे जमले आहे, तिथे वेळ आधी ठरवून जमले आहे. जर्मनीत बायरॉइट येथे वाग्नर या संगीतकाराने १८७६ साली उघडलेल्या नाट्यगृहात अंकांमधले मध्यंतर सुमारे एक तासाचे असते. लोक जेवतात, बागेत हिंडतात, आणि पुढचा अंक सुरू होण्याआधी वादक सज्जात येऊन त्याच अंकातली धून वाजवतात: पंधरा मिनिटे उरली की एकदा, दहा उरली की दोनदा, पाच उरली की तीनदा. इंग्लंडात ग्लाइंडबोर्न येथे १९३४ पासून चाललेल्या ऑपेरा महोत्सवात जेवणासाठी दीड तास राखून ठेवलेला असतो. म्हणजे जेवण घालायचे असेल तर कार्यक्रमाने त्याला स्वतःच्या अंगातला वेळ दिला आहे. आपण मात्र जेवणाला वेळ देत नाही, नुसती जागा भाड्याने देतो.

मला हवे आहे ते एवढेच, की सभागृहातल्या उपाहारगृहाने स्वतःला सभागृहाचा भाग समजावे. कार्यक्रमाच्या संध्याकाळी शंभर पदार्थांची यादी बाजूला ठेवून सहा-सात पदार्थांची छोटी यादी असावी: पोहे, उपमा, इडली, मूगडाळीची खिचडी, ताक, असे तयार आणि हलके काही. पंचतारांकित दिसत नाही म्हणून व्यवस्थापक नाके मुरडतील, मुरडू द्यावीत. घंटेचा आवाज जेवणाच्या दालनात ऐकू यावा. तिसऱ्या घंटेआधी चाळीस मिनिटे नवी मागणी घेणे थांबवावे, कारण जे वेळेत देता येणार नाही ते कबूल करणे हाच खरा अपराध आहे. आणि आयोजकांनी तिकिटावर आरंभाबरोबर मध्यंतराची आणि संपण्याची अंदाजे वेळ छापावी. गाण्याला वेळेचे बंधन नसते, असे उत्तर मिळते. ते खरेच आहे. इन्सुलिनला मात्र असते.

एका गोष्टीवर मी अधिक हट्टी आहे. ‘खाद्यपदार्थ आत नेण्यास सक्त मनाई’ ही पाटी बहुतेक सभागृहांच्या दारावर आहे आणि ती योग्यही आहे. कुरकुरीत पिशव्यांच्या आवाजाने मीही वैतागलो आहे. परंतु दारावरचा रक्षक म्हाताऱ्या माणसाच्या खिशातून बिस्किटांचा पुडा आणि साखरेची पुडी काढून घेतो, तेव्हा तो नकळत त्याचे औषध काढून घेत असतो. त्या पाटीखाली ‘मधुमेही प्रेक्षकांना सूट’ एवढी ओळ हवी. ती रंगवण्याचा खर्च आपली संघटना आनंदाने करील.

सर्वसामान्य वाचकांसाठी दोन शब्द. शेजारच्या खुर्चीवरचा वृद्ध गृहस्थ घामाने भिजला असेल, असंबद्ध बोलत असेल किंवा हाकेला नीट उत्तर देत नसेल, तर तो झोपाळू आहे किंवा आणखी काही ‘घेऊन’ आला आहे असा तर्क करू नये. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर, म्हणजे साधारण पंधरा ग्रॅम, पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा द्यावी. नंतर थोडे खायला द्यावे. चॉकलेट किंवा मिठाई त्या क्षणी उपयोगाची नाही, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नये, रुग्णवाहिका बोलवावी. सभागृहात डॉक्टर आहे का, असे मोठ्याने विचारायला संकोचू नये. आपल्या कार्यक्रमांना एका ओळीत तीन तरी असतात, फक्त ते उशिरा आलेले असतात.

त्या उपाहारगृहात मी महिन्याभराने पुन्हा गेलो, भांडायला नव्हे. व्यवस्थापक तरुण होता, सुस्वभावी होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “साहेब, पण असे पेशंट एका कार्यक्रमाला किती असणार?” मी त्याला काचेतून बाहेर पाहायला सांगितले. त्या संध्याकाळीही मैफल होती. दारापाशी रांग लागली होती, काठ्या, मफलर, पांढरे केस. तो बराच वेळ पाहत राहिला.

घंटेची तार आता त्यांच्या दालनात ओढली गेली आहे. छोट्या यादीचे घोंगडे अजून भिजत पडले आहे. मालकांना विचारून सांगतो, असे तो प्रत्येक वेळी म्हणतो. अण्णा कार्यक्रमाच्या दिवशी सव्वासहाला घरीच जेवतात, ताट समोर आल्यावर इंजेक्शन घेतात आणि सदऱ्याच्या खिशात साखरेच्या चार पुड्या ठेवतात. त्या पुड्या त्याच उपाहारगृहाच्या आहेत. परत करायच्या राहिल्या आहेत, असे ते म्हणतात.